नफा वहीत, पगार सात तारखेला

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत महिन्याच्या पाच तारखेला एखाद्या फाउंड्रीच्या ऑफिसात जाऊन बसावं. आत इंडक्शन फर्नेसमध्ये लोखंड वितळत असतं, फेटलिंगच्या शेडमधून ग्राइंडरचा कर्कश आवाज येत असतो, दारात माल भरायला टेम्पो उभा असतो. ऑर्डर भरपूर. आणि केबिनमध्ये मालक सकाळपासून एकाच माणसाला फोन लावत असतो: ज्या कंपनीला कास्टिंग जातात तिथल्या अकाउंट्समधल्या माणसाला. ‘साहेब, मागच्या महिन्याची बिलं लागली का?’ पलीकडून कळतं की माल पोचल्याची पावती झाली आहे, पण क्वालिटीवाल्यांची सही राहिली आहे. किंवा सही झाली आहे, पण पेमेंट आता पुढच्या पंधरवड्यात. इकडे सात तारखेच्या आत पगार करायचा आहे, पंधराला पीएफ भरायचा आहे, वीसला जीएसटी. महावितरणचं बिल थकवायची सोय नाही. आणि भंगारवाला मागचे पैसे मिळाल्याशिवाय पुढची गाडी खाली करत नाही.

या फाउंड्रीच्या नफा-तोटा पत्रकात नफा आहे. खोटा नाही, अगदी खरा नफा. माल बनला, गेला, बिल फाटलं. हिशेबाच्या नियमाप्रमाणे त्या दिवशी विक्री झाली आणि नफाही झाला. पैसे मात्र अजून कोणाच्या तरी टेबलावरच्या कागदात अडकलेले आहेत. नफा ज्या दिवशी मोजला जातो तो दिवस आणि पैसे ज्या दिवशी हातात पडतात तो दिवस, यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती भरून काढण्याला रोखप्रवाहाचं व्यवस्थापन म्हणतात. कारखानदारीत ही पोकळी दुकानदारीपेक्षा कितीतरी मोठी असते, कारण कारखान्यात पैसा आधी कच्चा माल होतो, मग अर्धवट माल, मग तयार माल, मग उधारी, आणि त्यानंतर कुठे पुन्हा पैसा.

आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांना हा फरक चांगला ठाऊक होता. रोजकीर्द आणि खतावणी या दोन वेगळ्या वह्या होत्या. खतावणीत कोणाकडून किती येणं आणि कोणाला किती देणं ते कळायचं. रोजकीर्दीत दिवसाच्या शेवटी शिल्लक काढली जायची आणि ती गल्ल्याशी जुळवूनच दुकान बंद व्हायचं. आज संगणकावर दोन्ही एका बटणावर मिळतात, पण छोट्या-मध्यम कारखान्यांत वर्षअखेरीस सी.ए.कडून येणाऱ्या ताळेबंदाला जेवढं महत्त्व दिलं जातं तेवढं रोजच्या शिल्लकेला दिलं जात नाही. कंपनी कायदा, २०१३ ने रोखप्रवाह विवरणपत्र हा वित्तीय विवरणांचा भाग केला, पण एकल व्यक्तीच्या कंपन्यांना आणि छोट्या कंपन्यांना त्यातून सूट दिली. कागदपत्रांचा बोजा कमी करायचा म्हणून दिलेली ही सूट समजण्यासारखी आहे. पण जिथे एका बिलाच्या उशिराने पगार अडतो, त्याच कारखान्यांत हे विवरणपत्र तयार होत नाही, हेही तितकंच खरं.

आता थोडा हिशेब. समजण्यासाठी वर्षाला १२ कोटींची विक्री असलेली एक फाउंड्री धरू. कच्चा माल सरासरी २० दिवस पडून राहतो, अर्धवट माल १५ दिवस, तयार माल १० दिवस, आणि गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे देतं. एकूण १३५ दिवस. पुरवठादार १५ दिवस थांबतात. म्हणजे भंगाराचे पैसे चुकते केल्यापासून कास्टिंगचे पैसे येईपर्यंत १२० दिवस कारखान्याने स्वतःच्या किंवा बँकेच्या पैशावर तग धरायचा. यालाच रोख परिवर्तन चक्र म्हणतात.

या फाउंड्रीची रोजची विक्री साधारण ३ लाख २९ हजार होते. गिऱ्हाइकाने ६० दिवसांचा वायदा ९० दिवसांवर नेला की जवळपास ९९ लाख रुपये जास्तीचे अडकतात. बँकेचा व्याजदर ११ टक्के धरला तर वर्षाला पावणेअकरा लाखांवर व्याज. विक्रीवर ५ टक्के नफा म्हणजे ६० लाख असतील, तर त्यातला सहावा हिस्सा नुसत्या तीस दिवसांनी खाल्ला. वितळवलेल्या लोखंडात काही बदल नाही, कामगारांच्या कष्टात नाही, भावात नाही, रिजेक्शनही वाढलेलं नाही. नफ्याचा आकडा बदलला तो कॅलेंडरमुळे. शिवाय तोच धंदा करायला आता एक कोटी भांडवल जास्त लागतं, त्यामुळे गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावाही घसरतो. रोखप्रवाहाचा आर्थिक कामगिरीवर परिणाम कसा होतो, याचं सर्वांत साधं उत्तर या चार ओळींच्या हिशेबात आहे.

याच फाउंड्रीला आणखी ६ कोटींची ऑर्डर मिळाली तर? गावात पेढे वाटले जातील. पण त्याच १२० दिवसांच्या चक्राने विक्रीच्या भावात मोजलं तर जवळपास २ कोटी रुपये आणखी घालावे लागतील, खर्चाच्या भावात थोडे कमी. सगळ्या १८ कोटींवर वर्षभराचा नफा होणार ९० लाख, तोही वर्षाच्या शेवटी. अनेक चांगले कारखाने मंदीत टिकतात आणि तेजीत अडकतात ते यामुळे. धंदा वाढला म्हणून कर्ज, कर्ज वाढलं म्हणून हप्ता, हप्ता भागवायला आणखी ऑर्डर, आणि त्या ऑर्डरीसाठी पुन्हा भंगार उधार.

हिशेबाची एक गुंतागुंत इथेच सांगून ठेवायला हवी. न विकलेल्या मालाच्या किमतीत कारखान्याच्या ठरावीक खर्चाचा वाटा धरला जातो: शेडचा घसारा, सुपरवायझरचा पगार वगैरे. त्यामुळे विक्रीपेक्षा उत्पादन जास्त झालं की तो खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून वजा न होता गोदामातल्या मालाबरोबर पुढच्या वर्षात जातो. लेखामानकांनी त्यावर मर्यादा घातली आहे, तरी गोदाम भरत असताना नफा बरा दिसू शकतो आणि बँकेतली शिल्लक आटत जाते. कारखाना पाहायला जाणाऱ्या जाणत्या बँकरचे डोळे आधी गोदामातल्या धुळीकडे जातात ते उगीच नाही.

रोख आटल्याने मोठमोठी नावंही कोसळली आहेत. रोल्स-रॉइस हे त्यातलं सर्वांत धक्कादायक. १९६८ मध्ये या ब्रिटिश कंपनीने लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी २११ हे इंजिन ठरलेल्या किमतीत द्यायचा करार केला. इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन फायबरची करायची होती. चाचण्यांत ती टिकली नाहीत आणि विकासाचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे संशोधनाचा बराच खर्च मालमत्ता म्हणून ताळेबंदात नेला जात होता, म्हणून वहीत नफा दिसत राहिला. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनीने हात टेकले आणि कारभार रिसीव्हरकडे गेला. जगातल्या उत्तम अभियंत्यांची ही कंपनी ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या सरकारला राष्ट्रीयीकरण करून वाचवावी लागली. पुढे तेच इंजिन उत्तम निघालं. अभियंते बरोबर होते, आणि तरीही पैसे आधी संपले.

उलट उदाहरण फोर्डचं. २००६ च्या अखेरीस, बाजार अजून बरा असताना, फोर्डने कारखान्यांपासून निळ्या लंबगोल बोधचिन्हापर्यंत जवळपास सगळं तारण ठेवून सुमारे २३.६ अब्ज डॉलरची कर्जाची सोय करून घेतली. दोन वर्षांत मंदी आली. २००९ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दोघांनाही दिवाळखोरीच्या न्यायालयात जावं लागलं, फोर्डला नाही. रोख हाताशी ठेवायला व्याज पडतं, आणि चांगल्या वर्षांत ते व्याज वाया गेल्यासारखं वाटतं.

टोयोटाची कथा मात्र जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण तिचा शेवट आपल्या फाउंड्रीच्या दारात येऊन पोचतो. १९४९ मध्ये जपानमध्ये महागाई रोखण्यासाठी सरकारी खर्च आणि कर्जपुरवठा एकदम आवळला गेला. गाड्या विकत घेणाऱ्यांचे पैसे थकले, टोयोटाकडे पगाराला पैसे उरेनात. बँक ऑफ जपानच्या नागोया शाखेच्या पुढाकाराने बँकांनी एकत्र येऊन कंपनीला तारलं, पण अटी घातल्या: विक्रीची कंपनी वेगळी काढा, जेवढं विकलं जाईल तेवढंच बनवा, माणसं कमी करा. १९५० मध्ये मोठा संप झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. त्याच जूनमध्ये कोरियन युद्ध सुरू झालं, अमेरिकी सैन्याच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनी सावरली. पण ते दिवस तिथला कोणी विसरला नाही. मशीन शॉपमध्ये ताइइची ओहनो ज्या पद्धतीचे प्रयोग करत होते, लागेल तेव्हाच, लागेल तेवढंच, ती पुढे ‘जस्ट इन टाइम’ म्हणून जगभर शिकवली गेली. व्यवस्थापनाच्या वर्गात ती कार्यक्षमतेची पद्धत म्हणून येते. तिच्या मुळाशी मात्र गोदामात पैसा कोंडून ठेवण्याची ऐपत नसलेल्या कंपनीची निकड होती.

ती पद्धत भारतात आली ती मोठ्या वाहन कंपन्यांबरोबर. चाकणच्या असेंब्ली लाइनला दोन-चार तासांचा माल पुरतो, बाकीचा साठा आसपासच्या पुरवठादाराने आपल्या शेडमध्ये ठेवायचा. माल वेळेवर गेला नाही तर दंड. माल गेला तर पैसे साठ-नव्वद दिवसांनी. मोठ्या कंपनीचं रोखचक्र आखूड होतं, कधी कधी शून्याच्याही खाली जातं: गाडीचे पैसे डीलरकडून आधी येतात, सुट्या भागांचे नंतर दिले जातात. वित्तीय विश्लेषक त्या कंपनीचं कौतुक करतात, आणि तिच्या कामगिरीत खरोखर कौशल्य असतंही. पण दिवस कुठे नाहीसे झालेले नसतात. ते शिरोलीच्या, भोसरीच्या, वाळूजच्या आणि सातपूरच्या लहान कारखान्यांच्या ताळेबंदात येणं म्हणून जाऊन बसलेले असतात. मोठी कंपनी स्वस्तात कर्ज काढू शकते, लहानाला महाग पडतं. आणि थांबायचं लहानानेच. या विषयाची पाठ्यपुस्तकं येणी लवकर वसूल करा, देणी उशिरा द्या असा सल्ला देतात. प्रत्येकाने तो पाळला तर तो शेवटी सर्वांत दुबळ्या माणसाच्या डोक्यावर जाऊन पडतो, हे ती पुस्तकं क्वचितच सांगतात.

कायद्याने हे ओळखलं आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. तक्रारीसाठी राज्यात सुविधा परिषदा आहेत. पण ज्या गिऱ्हाइकावर निम्मा कारखाना चालतो त्याच्याविरुद्ध तक्रार करायची म्हणजे पुढच्या ऑर्डरीवर पाणी सोडायचं. हक्क कागदावर भक्कम आहे आणि तो वापरणारे सहसा गिऱ्हाईक सुटल्यावरच वापरतात.

म्हणून २०२३ च्या अर्थसंकल्पात दुसरा मार्ग काढला गेला. प्राप्तिकर कायद्यात कलम ४३ बी (एच) आलं: सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी करासाठी वजा धरला जाणार नाही, प्रत्यक्ष पैसे दिले जातील त्या वर्षी धरला जाईल. पुरवठादाराला तक्रार करायला लावण्याऐवजी खरेदीदाराच्या खिशाला चिमटा. मार्च २०२४ मध्ये अनेक लहान कारखान्यांची जुनी बिलं अचानक निघाली ती या कलमामुळे. त्याच वेळी काही खरेदीदारांनी कायद्याच्या कक्षेबाहेरच्या पुरवठादारांकडे वळण्याची भाषा सुरू केली, ही काळजी उद्योजकांच्या संघटनांनी उघडपणे मांडली होती. ताकद ज्याच्या हातात आहे तो वाट शोधतो.

एक वाट मात्र खरोखर आशादायक आहे, आणि ती आपल्या ओळखीची आहे. जुन्या काळी व्यापारी हुंडी लिहायचा आणि पैशाची निकड असणारा ती सराफाकडे बट्ट्याने वटवायचा. रिझर्व्ह बँकेने २०१४ च्या अखेरीस आखलेली आणि २०१७ पासून प्रत्यक्षात आलेली ट्रेड्स ही व्यवस्था तत्त्वतः तीच आहे. लहान कारखान्याचं बिल इलेक्ट्रॉनिक मंचावर चढतं, मोठी कंपनी ते मान्य करते, बँका त्यावर व्याजदराची बोली लावतात आणि एक-दोन दिवसांत पैसे पुरवठादाराच्या खात्यात येतात. मुदतीला बँक वसुली करते ती मोठ्या कंपनीकडून. व्याजाचा दर ठरतो तोही मोठ्या कंपनीच्या पतीवर. २०१८ मध्ये ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची झाली. २०२४ मध्ये ती मर्यादा २५० कोटींवर आणली गेली. नोंदणी सक्तीची आहे, बिल मान्य करणं मात्र अजूनही खरेदीदाराच्या मर्जीवर. सगळी व्यवस्था त्या एका क्लिकपाशी अडते.

बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे कारखानदारांच्या बोलीत ‘सीसी’, हा बाकीचा आधार. १९७० च्या दशकात प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने उद्योगाप्रमाणे किती साठा आणि किती उधारी योग्य याची मापं घालून दिली. पुढे नायक समितीने लहान उद्योगांसाठी अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल बँकेने द्यावं हा सोपा नियम आणला. १२० दिवसांचं चक्र म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा, ३३ टक्के. २० टक्क्यांत ते बसत नाही. आणि एक बारकी, जीवघेणी तरतूद: सीसीमधून किती उचलता येईल ती मर्यादा, ‘डीपी’, दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरते, आणि ९० दिवसांपेक्षा जुनी येणी सर्वसाधारणपणे त्यातून वगळली जातात. गिऱ्हाइकाने ९१ वा दिवस उजाडू दिला की एकीकडे त्याचे पैसे आलेले नसतात आणि दुसरीकडे बँकेची मर्यादाही घटते. दोन्ही हात एकाच सकाळी आखडतात.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर या विषयाचं सर्वांत मोठं आणि सर्वांत वेदनादायक उदाहरण फाउंड्रीत नाही, साखर कारखान्यात आहे. ऊस चार-पाच महिन्यांत गाळायचा, साखर बारा महिने विकायची, तीही केंद्र सरकार ठरवून देईल त्या मासिक कोट्याने. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे एफआरपी, म्हणजे उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, १४ दिवसांत द्यायची, उशिरावर १५ टक्के व्याज. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना घ्या. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी होती टनाला ३,४०० रुपये. तोडणी-वाहतूक त्यात धरून १४ दिवसांचं देणं झालं २३ कोटी ८० लाख. तेवढ्या उसातून साखर निघाली सुमारे ७१,७५० क्विंटल. २०१९ पासून तोच राहिलेल्या क्विंटलला ३,१०० रुपयांच्या किमान विक्री दराने तिची किंमत २२ कोटी २५ लाखांच्या आत-बाहेर. बाजारात दर त्याहून बरा मिळाला तरी पंधरा दिवसांत सगळी साखर विकताच येत नाही. मग ती गोदामात तारण ठेवून बँकेची उचल घ्यायची, त्यातून आधीच्या कर्जाचे हप्ते कापले जाणार, आणि उरलेल्यातून ऊसवाल्याचं बिल.

या मधल्या दिवसांचा भार इथे शेतकरी उचलतो. सोसायटीचं कर्ज त्याच्या नावावर, खतवाल्याची उधारी त्याच्या नावावर, पुढची लागण तोंडावर. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत द्यायला परवानगी दिली आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. या वादाकडे राजकारण म्हणून पाहिलं जातं. मुळात तो रोखप्रवाहाचा वाद आहे: कारखान्याच्या गोदामात पडून राहणाऱ्या साखरेचं खेळतं भांडवल बँकेने पुरवायचं, सरकारने, की ऊस उत्पादकाने? इथेनॉलने या चक्राला थोडा श्वास दिला, कारण तेल कंपन्यांकडून पैसे साखरेपेक्षा लवकर येतात. पण डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधनं आली आणि त्या पैशाच्या भरवशावर डिस्टिलरीसाठी काढलेल्या कर्जांचे हप्ते मात्र ठरल्या तारखेलाच येत राहिले.

मोठा समूह असला की हा धोका टळतो असंही नाही. पुण्याच्या सुझलॉनने २००७ मध्ये जर्मनीची रिपॉवर घेतली आणि पवनचक्क्यांच्या जगात आघाडी गाठली. मंदीत येणी लांबली, कर्ज डोंगराएवढं झालं, आणि समूहाच्या जर्मन कंपनीतली रोख पुण्याला सहज वळवता येत नव्हती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २० कोटी ९० लाख डॉलरच्या परकीय रोख्यांची परतफेड चुकली. सावरायला दशक गेलं.

या सगळ्यावर कारखानदाराच्या हाती काय उरतं, तर फार काही जादुई नाही. अनुभवी वित्त व्यवस्थापक तेरा आठवड्यांचा तक्ता ठेवतात: डावीकडे येणारे पैसे, उजवीकडे जाणारे, आणि प्रत्येक शनिवारी शिल्लक. विक्रीच्या अंदाजावर नव्हे, प्रत्यक्ष बिलांच्या तारखांवर. यात गिऱ्हाईक ‘म्हणालं’ ती तारीख लिहायची नाही, मागच्या सहा बिलांना ते प्रत्यक्षात जेव्हा पैसे देऊन गेलं ती लिहायची. असा तक्ता भरताना पहिल्यांदा कळतं की आठव्या आठवड्यात बोनस, विम्याचा हप्ता आणि आगाऊ कर एकदम येताहेत. आठ आठवडे आधी कळलेली अडचण घेऊन बँकेत जाता येतं. आदल्या दिवशी कळलेली घेऊन गेलं तर बँक मॅनेजर चहा पाजतो, मर्यादा वाढवत नाही.

हा तक्ता वहीच्या एका पानावर मावतो. शिरोलीच्या त्या केबिनमध्ये तो टेबलाच्या काचेखाली ठेवता येईल, पगाराच्या यादीशेजारी, म्हणजे पाच तारखेला फोन लावताना मालकाला निदान हे माहीत असेल की आज फोन कोणाला करायचा आणि कोणत्या बिलाचा नंबर सांगायचा.